रॅमभाऊ

जरीपटक्यात कोणाचा लॅपटॉप स्लो झाला, तर ही गोष्ट त्याने घरातसुद्धा हळू आवाजात बोलावी. खिडकी उघडी असेल तर बोलूच नये. रॅमभाऊंना एरवी फारसं काही ऐकू येत नाही. वहिनींनी तीनदा सांगितलेलं दही तर मुळीच नाही. पण दोन गल्ल्या पलीकडे कोणी "फार वेळ घेतो हो चालू व्हायला" असं म्हणालं, की चहा उकळायच्या आत दारावर थाप पडते. लेंगा, त्यावर हाफ स्वेटर, खिशाला टेस्टर आणि तोंडात एकच प्रश्न. नमस्कार नाही, पाणी नको. "किती जीबी हाय?"

आपण म्हणतो, चार.

रॅमभाऊ नुसती मान हलवतात. चार जीबीवर आपण इतकी वर्षं संसार रेटला, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलेलं असतं. "नवा कायले घेता जी? पैसे जास्त झाले का? आठची एक पट्टी टाकू. मक्खन चालन."

त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर आहे आणि बहुधा तिथेच आहे. सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेला हा गृहस्थ गल्लीतल्या पोरांनी कधी रॅमभाऊ करून टाकला, कोणाला सांगता येत नाही. आता पोस्टमनही त्याच नावाने हाक मारतो. तसा हा प्राणी केवळ जरीपटक्याचा नाही. पुण्याच्या पेठांत तो आहे, डोंबिवलीतही आहे. पुण्याचा रॅमभाऊ आधी "हा लॅपटॉप तुम्हाला घ्यायला कोणी सांगितला होता?" असं विचारतो आणि लॅपटॉपला हात न लावता तुम्हालाच दुरुस्त करतो. डोंबिवलीच्या रॅमभाऊकडे वेळ नसतो. तो लोकलमधून फोनवर सल्ला देतो आणि ठाणे आलं की गायब होतो. नागपूरच्या रॅमभाऊकडे मात्र वेळ भरपूर, आवाज मोठा आणि माया खरी. तो लॅपटॉप उघडतोच.

आणि जरीपटक्यासारखी भूमी त्याला दुसरीकडे कुठे मिळाली असती? फाळणीनंतर सिंधमधून जवळजवळ रिकाम्या हातांनी आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती वसवली, दुकानं उभी केली, नातवंडांच्या लग्नांचे शामियाने इथेच घातले. वस्तू फेकायची नाही, चालती करायची, हे इथल्या हवेत आहे. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, कूलरचा पंप, सगळ्याला इथे दुसरा जन्म मिळतो. मराठी रॅमभाऊ आणि सिंधी शेजारी यांचं गोत्र इथे जुळतं. रविवारी सकाळी समोरच्या घरातून दाल-पकवानाची प्लेट येते, तिच्याबरोबर कधी कधी एक लॅपटॉपही येतो. "साईं, ज़रा देखना, खाली पंखा घूमता है."

खाली पंखा घूमता है. रॅमभाऊंच्या लेखी या वाक्याइतकं मधुर वाक्य नाही. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला, याला धंद्यातली माणसं 'नो डिस्प्ले' म्हणतात. लॅपटॉप पूर्ण मेलेला असेल तर रॅमभाऊंना रस नाही. तो मदरबोर्डवाल्याचा मामला. चालू असेल तर मुळीच रस नाही. यांना आवडतो तो अधांतरी लटकलेला.

माझा कयास असा, की ते रॅम वाढवतात तीसुद्धा वेग वाढावा म्हणून नाही. रॅम वाढवली की पुष्कळदा डिस्प्ले जातो, आणि डिस्प्ले गेला की दिवस सत्कारणी लागतो.

ऑपरेशन जेवणाच्या टेबलावर होतं. प्लास्टिकचं टेबलक्लॉथ काढून वर्तमानपत्र पसरलं जातं, कारण प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते, हे त्यांनी वहिनींना समजावून सांगितलं आहे. वहिनींना ते पटलेलं नाही, पण टेबलक्लॉथ वाचतं म्हणून त्या गप्प आहेत. डाव्या हाताला स्क्रू ठेवायला वहिनींच्या जुन्या मसाल्याच्या डब्याच्या वाट्या. जिऱ्याच्या वाटीत लांब स्क्रू, मोहरीच्या वाटीत आखूड. उजव्या हाताला स्क्रूड्रायव्हरचा संच, रंगकामाचा ब्रश, बाद झालेलं एटीएम कार्ड आणि नटराजचा खोडरबर. झाकणाच्या फटीत कार्ड घालून ते कडेकडेने सरकवत नेतात. आतले प्लास्टिकचे काटे एकेक करून कटकट सुटत जातात आणि दर आवाजाला लॅपटॉपचा मालक डोळे मिटतो. एखादा आवाज जरा मोठा आला, तर रॅमभाऊ म्हणतात, "हे असंच असते." मालकाचा विश्वास बसतो. कोठे जाईल?

स्थिर विजेचं मात्र त्यांना खरंच भय आहे. नागपूरची थंडी कोरडी. डिसेंबरात स्वेटर काढताना अंगावर चटचट होतं आणि तेवढा झटका एखाद्या चिपला पुरतो. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी अंगातली वीज कुठल्या तरी जमिनीला जोडलेल्या धातूत सोडून द्यावी लागते. रॅमभाऊ त्यासाठी फ्रिजला हात लावतात. उन्हाळ्यात एकदा ते कूलरच्या पत्र्याला लावायला गेले होते. नागपूरकराला पुढचं सांगायला नको. तेव्हापासून फ्रिज.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या इमारतीतल्या सीए करणाऱ्या मुलीचा लॅपटॉप या टेबलावर आला. तिसऱ्या पिढीचा आय-5, म्हणजे 2012च्या सुमाराचा माल. वडिलांकडून वारसाहक्काने आलेला. आत चार जीबीची एक पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा. रिकामा स्लॉट दिसला की रॅमभाऊंच्या जिवाला स्वस्थता नाही. त्यांनी खिशातून आठची नवी पट्टी काढली. कोणाकडून, कशी आणली, ते त्यांनी सांगितलं नाही. स्वस्तात आणली एवढं सांगितलं.

पट्टी बसवण्यात त्यांचा हात कोणी धरावा असा नाही. सोनेरी दातांची कडा तिरपी, साधारण तीस अंशांत खाचेत सारायची. दात दिसेनासे होईपर्यंत दाबायची. मग पट्टी खाली आडवी करायची, की दोन्ही बाजूंच्या धातूच्या चिमट्यांनी ती धरून ठेवली पाहिजे. टक् असा आवाज एकदाच येतो, दोन्ही चिमट्यांचा मिळून. दोन वेगळे टक् आले तर पट्टी वाकडी आहे. चार-आठ केसांइतके दात बाहेर दिसत असतील, तरी डिस्प्ले येत नाही. रॅम टाकल्यावर बंद पडलेल्या लॅपटॉपांत अर्धवट बसलेल्या पट्टीचा वाटा मोठा असतो, आणि हे माहीत असणारा माणूस दुकानात गेला की दोन मिनिटांच्या कामाचे पाचशे रुपये देऊन येत नाही. रॅमभाऊंचा टक् एकच आला.

"खाचेत बसली ना? मग चालते!" हा त्यांचा सिद्धांत.

बटण दाबलं. दिवा लागला. पंखा फिरला. पडदा काळा.

मुलीचा चेहरा उतरला. तिची परीक्षा तोंडावर होती. रॅमभाऊंचा चेहरा मात्र असा खुलला, की वहिनींनी स्वयंपाकघरातूनच ओळखलं आणि न विचारता चहाचं आधण वाढवलं. "घाबरू नको पोरी. आता पाहतो ना मी."

मग जे सुरू होतं त्याला एक क्रम आहे आणि तो क्रम चुकीचा नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आधी चार्जर काढायचा, बॅटरी काढायची आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं. आत कुठे उरलीसुरली वीज असेल ती निघून जाते. या तीस सेकंदांत रॅमभाऊ कोणालाही बोलू देत नाहीत. मग नवी पट्टी काढून फक्त जुनी लावून पाहायची. चालू झाला, तर मशीन शाबूत आहे, दोष नव्या पट्टीत किंवा नव्या स्लॉटमध्ये. मग जुनी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. तीही चालली, तर स्लॉट शाबूत. मग नवी पट्टी एकटी. अशी चौकशी नीट केली तर गुन्हेगार सापडतोच. पण नीट करू कोण देतं?

कारण आतापर्यंत टेबलाभोवती मंडळी जमलेली असतात. खालचा पापडवाला आलेला असतो, त्याच्या बिलिंगच्या लॅपटॉपची मागच्याच महिन्यात बॅटरी बदललेली असल्यामुळे तो स्वतःला जाणकार समजतो. "व्हायरस होंगा." वरच्या मजल्यावरच्या जोशीबुवा टाइपच्या एका गृहस्थांचं म्हणणं, उत्तरेकडे तोंड करून ठेवा. हे ते गमतीने म्हणतात की खरंच, हे कोणी विचारत नाही. कॉलेजात जाणारा एक पोरगा फोनमध्ये पाहून "बायोस अपडेट करा काका" म्हणतो. डिस्प्लेच नाही तर बायोस दिसेल कसा, असा प्रतिप्रश्न रॅमभाऊ टाकतात आणि पोरगा कामी येतो. एवढ्यात कोणीतरी कॅप्स लॉकच्या दिव्याकडे बोट दाखवतं. तो लुकलुकत असतो.

या दिव्याची एक भाषा आहे. पूर्वी घरोघरी असेंबल केलेले डेस्कटॉप होते तेव्हा बिघाड कानाने ओळखायचा असे. रॅम बसली नसेल तर काही मशीनी लांबलचक बीप देत राहायच्या. लॅपटॉपांत काही कंपन्यांनी हे काम दिव्यावर टाकलं. एचपीच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपांवर कॅप्स लॉक तीनदा लुकलुकला की मेमरीत घोळ. डेलच्या अनेक मॉडेलांत दोन बीप म्हणजे रॅम सापडतच नाही, चार म्हणजे सापडली पण बिघडलेली. कंपनी-कंपनीची बोली निराळी, त्यामुळे एकाच्या दिव्यावरून दुसऱ्याचं निदान करू नये. रॅमभाऊ करतात. ते तीन मोजतात, पापडवाला पाच मोजतो, जोशीबुवा टाइपचे गृहस्थ डोळे मिटून मोजतात. शेवटी मुलगी मोबाइलवर व्हिडिओ काढते आणि तो सावकाश चालवून दाखवते. तीन.

"म्हणजे रॅमच," रॅमभाऊ म्हणाले. रॅम त्यांनीच टाकली होती, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आता खोडरबर. सोनेरी दातांवर हवेचा, हाताच्या घामाचा थर बसतो आणि संपर्क तुटतो. खोडरबराने हलके घासलं तर तो निघतो. सबंध हिंदुस्थानातले मिस्त्री हेच करतात आणि पुष्कळदा लॅपटॉप चालूही होतो. जाणकार सांगतात की खोडरबराने वरचा मुलामा झिजतो, त्यापेक्षा कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं. रॅमभाऊंना हे मान्य आहे, पण अल्कोहोल हा शब्द वहिनींसमोर उच्चारायची त्यांची तयारी नाही. ते नटराजच वापरतात आणि जोरात वापरतात. खोडरबराचा भुगा मग रिकाम्या स्लॉटमध्ये पडतो आणि शाबूत स्लॉटही आता चालत नाही. गुन्हेगार शोधता शोधता साक्षीदार मेला. ब्रशने तो भुगा काढण्यात संध्याकाळ गेली.

मधल्या वेळात चहा झाला. चहाबरोबर रॉबर्ट डेनार्ड झाले. रॅमभाऊंच्या घरी डेनार्ड या माणसाला जेवढा मान आहे तेवढा आयबीएममध्येही नसेल. 1968मध्ये आयबीएमच्या या इंजिनिअरला एका कल्पनेचं पेटंट मिळालं, एक ट्रान्झिस्टर आणि एक कॅपॅसिटर एवढ्यात एक बिट साठवायचा. तीच आजची डीरॅम. 1970मध्ये इंटेलने 1103 नावाची चिप विकायला काढली, तिच्यात अवघे 1024 बिट मावायचे. आणि मौज अशी की हा कॅपॅसिटर गळका. त्यातला भार थोड्या वेळात ओसरतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत सगळी मेमरी पुन्हा ताजी करत बसावं लागतं. रॅमभाऊ हे रंगून सांगत होते, "म्हणजे काय, तिले सारखी सारखी आठवण नाही देल्ली तर ती सगळं भुलून जाते."

"तुमच्यासारखंच," वहिनी कपबशा उचलताना म्हणाल्या. "दही."

एप्रिल 2024मध्ये डेनार्ड वारले. बातमी कळली त्या दिवशी रॅमभाऊंनी एकही लॅपटॉप उघडला नाही. मी स्वतः साक्षीला आहे. माझाच आलेला होता.

असो. मुलीच्या लॅपटॉपचं काय झालं? जुनी पट्टी एकटी लावली की चालू. नवी एकटी लावली की काळा पडदा. दोन्ही स्लॉट शाबूत. सीमॉसचा सेल, म्हणजे ती तारेला जोडलेली गोल बॅटरी, तीही काढून पुन्हा लावून झाली. निष्कर्ष सरळ होता, पट्टी खराब. पण तीच पट्टी पापडवाल्याच्या लॅपटॉपमध्ये घातली, तर तिथे मस्त चालली. पापडवाला आपला लॅपटॉप परत मागू लागला आणि रॅमभाऊ पहिल्यांदा गप्प झाले.

व्होल्टेजचा फरक त्यांना ठाऊक होता. साधी डीडीआर-3 दीड व्होल्टवर चालते, डीडीआर-3एल 1.35वर. दोन्हींना 204 दात, दोन्हींची खाच एकाच ठिकाणी, दोन्ही कुठेही बसतात. कमी व्होल्टची पट्टी दीडवरही चालते, पण चौथ्या पिढीपासूनचे पातळ लॅपटॉप फक्त कमीचीच मागतात, त्यांत दीडवाली घातली की काळोख. एका लग्नाच्या हॉलवर रॅमभाऊंनी नवरदेवाच्या मामाचा लॅपटॉप याच कारणावरून चालू करून दिला होता आणि अक्षता चुकवल्या होत्या. पण इथे ते नव्हतं. पट्टी एलचीच होती. शिवाय डीडीआर-4 असती, तर ती खाचेत बसलीच नसती. तिला 260 दात आणि खाचही वेगळीकडे. सिद्धांत ठाम होता, खाचेत बसली म्हणजे चालते. आणि ही बसत होती आणि चालत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते बर्डीला गेले. पूर्वी यात अर्धा दिवस जायचा. डिसेंबर 2022पासून कामठी रोडवरून मेट्रो धावते, इंदोरा चौकात बसलं की सीताबर्डी. मीही बरोबर होतो, कारण रॅमभाऊंच्या पराभवाचा क्षण रोज पाहायला मिळत नाही. काउंटरवर विशीतला एक पोरगा होता, कानात इअरफोन. त्याने पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि अंगठ्याच्या नखाने काळ्या चिपा मोजल्या.

"काका, मशीन कोणती पिढी?"

"तिसरी."

"मग आठ आयसीवाली कशाला घातली? सोळावाली लागते."

झालं. सगळं महाभारत आठ आणि सोळा यांच्यात होतं. आठ जीबीची पट्टी आठच चिपांत बसवली, तर एका चिपेत एक जीबी, म्हणजे आठ गिगाबिट. तिसऱ्या पिढीच्या इंटेलला एका चिपेत चार गिगाबिटपर्यंतच वाचता येतं, चौथीचंही तसंच. आठ जीबी हव्या असतील तर त्या सोळा चिपांत, पुढे आठ आणि मागे आठ, अशाच हव्यात. जुनी चार जीबीची पट्टीही आठ चिपांची होती, पण तिच्या एकेका चिपेत निम्माच माल. म्हणून दोन्ही पट्ट्या दिसायला जुळ्या बहिणी आणि चालायला एक. पापडवाल्याचा लॅपटॉप नंतरच्या पिढीचा, त्याला आठवाली चालते. हे पट्टीच्या लेबलवर लिहिलेलंही असतं: 2आरएक्स8 म्हणजे बहुधा सोळा चिपा, 1आरएक्स8 म्हणजे आठ. रॅमभाऊंनी लेबल वाचलेलं नव्हतं. त्यांचा लेबलांवर विश्वास नाही.

पोराने एवढं सगळं एका इअरफोनातलं गाणं न थांबवता सांगितलं. परतीच्या मेट्रोत रॅमभाऊ कस्तुरचंद पार्कपर्यंत काही बोलले नाहीत. गड्डीगोदामला म्हणाले, "मले पहिल्यापासून डाउट होता." कडबी चौकाला म्हणाले, "पण पोरगा हुशार आहे बावा." इंदोऱ्याला उतरेपर्यंत त्यांनी सिद्धांत सुधारून घेतला होता: खाचेत बसली आणि आयसी सोळा असल्या, की चालते. विज्ञानाची प्रगती याहून वेगळी कशी होते, मला माहीत नाही.

सोळावाली घातली. एकच टक्. डिस्प्ले आला. बारा जीबी. मुलीने आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि रॅमभाऊंचा चेहरा पडला. चालू झालेल्या लॅपटॉपकडे ते लग्न ठरलेल्या मुलीच्या बापासारखे बघत होते. मग सावरून म्हणाले, "आता एसएसडी टाकून घ्या." कारण हार्डडिस्कच मंद असेल, तर रॅम वाढवून फारसं काही होत नाही. ही गोष्ट ते नेहमी रॅम घालून झाल्यावर सांगतात.

जिऱ्याच्या वाटीत एक स्क्रू उरला. दरवेळी एक उरतो. "तो एक्स्ट्राच असते," ते म्हणतात आणि तो एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात जातो. तो डबा आता हाताने उचलत नाही. जरीपटक्यातले कितीतरी लॅपटॉप एकेका स्क्रूने हलके होऊन फिरत आहेत.

खरी गर्दी झाली ती ऑक्टोबर 2025मध्ये. 14 तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज-10चा आधार थांबवला आणि वस्तीतल्या सगळ्या जुन्या लॅपटॉपांनी रॅमभाऊंकडे धाव घेतली. विंडोज-11 हवी तर इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 पाहिजे, मग रॅम कितीही कोंबा. रॅमभाऊंना हा वैयक्तिक अपमान वाटला. त्यांनी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतली आणि मागेल त्याला, न मागेल त्यालाही वाटली. त्यातल्या काही घरांत अजून 'माझे दस्तऐवज' शोधणं चालू आहे.

त्याच सुमारास दुसरा एक चमत्कार झाला. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरातली मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव कडाडले. डिसेंबरात मायक्रॉनने आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वहिनींच्या कपाटातला एक ड्रॉवर गेली कित्येक वर्षं जुन्या पट्ट्यांनी भरलेला आहे. दर दिवाळीला त्या तो भंगारवाल्याला द्यायला काढायच्या आणि दर दिवाळीला रॅमभाऊ तो परत आत ढकलायचे. या बातमीनंतर वहिनींनी स्वतः ड्रॉवर पुसला, आत नवा कागद घातला आणि कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्राशेजारी गेली. रॅमभाऊंना आता त्यांच्याच पट्ट्या मागून घ्याव्या लागतात आणि आधी दही आणावं लागतं.

त्यांचा मुलगा पुण्याला आयटीत आहे. या संक्रांतीला तो नवा लॅपटॉप घेऊन आला, हातात पुठ्ठा धरावा इतका पातळ. मुलगा झोपल्यावर रॅमभाऊंनी तो टेबलावर घेतला. वर्तमानपत्र पसरलं, फ्रिजला हात लावला, एटीएम कार्ड सरकवलं. आत स्लॉटच नव्हता. एकही नाही. मेमरी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, जन्मभराची. त्यांनी टॉर्च मारून चारी कोपरे पाहिले. सोल्डर केल्याने जागा वाचते, वीज वाचते, कंपनीला सोपं जातं, हे सगळं खरं आहे आणि मुलाने सकाळी ते समजावूनही सांगितलं. रॅमभाऊ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे उद्या कमी पडली तर?" मुलगा म्हणाला, "नवा घ्यायचा, बाबा." त्या लॅपटॉपचे सगळे स्क्रू रॅमभाऊंनी परत लावले होते. एकही उरला नव्हता. वहिनी म्हणतात, त्या रात्री ते जेवले नाहीत. पण वहिनींच्या सांगण्यात थोडी भर असते, त्या दिवशी तिळाच्या पोळ्या होत्या आणि चार गेल्याचं मी ऐकून आहे.

माझं मत विचाराल, तर हा माणूस वस्तीला दुकानापेक्षा महाग पडतो. वेळ दुप्पट लागतो, चहा आपल्याला लागतो, आणि स्क्रू जातो तो वेगळाच. तरी दुकानवाला मदरबोर्ड गेला म्हणून सांगतो तिथे रॅमभाऊ चार तास बसून पट्टीच काय ते शोधून काढतात, आणि एक पैसा घेत नाहीत. म्हणून आठ जीबी घेण्याआधी आपल्या मशीनला जास्तीत जास्त किती आणि कोणती चालते, हे कंपनीच्या पानावर पाहून घ्या, पट्टीवरच्या चिपा मोजा, डिस्प्ले गेलाच तर आधी जुनी पट्टी एकटी लावून पाहा. एवढं करूनही पडदा काळाच राहिला, तर इंदोरा चौकात उतरून कोणालाही विचारा, घर दाखवतील. दुपारी दोन ते चार जाऊ नका, ते झोपतात. आणि स्क्रू मोजून द्या.